दोन सूंची वाढ: ल्योंचे रेशीम विणकर, ऑगस्ट 1786

1786 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात रेशमाचे माग बंद पडले. विणकरांचं म्हणणं थोडक्यात सांगता येण्यासारखं होतं: बिननक्षीच्या रेशमी कापडाच्या विणाईला दर ओनामागे दोन सू वाढवून द्या. ओन हे कापड मोजायचं तिथलं माप, सुमारे 1.19 मीटरचं. वीस सूंचा एक लिव्र व्हायचा. त्या दशकात पॅरिसमध्ये, पीकपाणी बरं असलेल्या वर्षी, चार पौंडांची पावाची लादी आठ-नऊ सूंना मिळायची. म्हणजे दोन सू हे पौंडभर पावाचे पैसे. ही मागणी आधी मान्य झाली, महिन्याभरात रद्द झाली, आणि मधल्या काळात तीन माणसं फासावर गेली.

फ्रेंच उमराव आणि रेशीम हा विषय निघाला की डोळ्यांसमोर राणी मारी आंत्वानेत आणि तिचे घेरदार झगे येतात. एकीकडे राणी, दुसरीकडे अर्धपोटी विणकर, असं चित्र रंगवलं की विषमता समजली असं वाटतं. मला ते चित्र अपुरं वाटतं. राणीची आणि विणकराची गाठ कधी पडतच नव्हती. त्यांच्यामध्ये व्यापाऱ्याची पेढी होती, पेढीच्या पाठीशी राजाच्या शिक्क्याची नियमावली होती, आणि विणाईचा दर ठरवण्याची ताकद या दोघांनी मिळून विणकराच्या हातून काढून घेतली होती. महागडं रेशीम आणि स्वस्त मजुरी शेजारी शेजारी कशी नांदत होती, ते या एका प्रकरणातून नीट दिसतं.

माग स्वतःचा, रेशीम व्यापाऱ्याचं

ल्योंमधली रेशीम विणाई 1536 पासूनची. राजा फ्रान्स्वा पहिला याने तेव्हा इटलीहून आलेल्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. उद्देश असा की इटलीच्या रेशमावर जाणारा पैसा देशातच राहावा. पुढे चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1667 मध्ये या धंद्याची कडक नियमावली केली: कापडाची रुंदी किती, ताण्यात, म्हणजे कापडाच्या लांबीत, धागे किती, शिकाऊ मुलाने किती वर्षं काढायची, सगळं ठरलेलं. शहरातल्या या सगळ्या रेशीम धंद्याला मिळून ग्रांद फाब्रिक म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ल्यों हे दीडेक लाख वस्तीचं, फ्रान्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर होतं आणि तिथे चौदा हजारांच्या आसपास माग होते.

वर काही शे व्यापारी होते आणि खाली काही हजार उस्ताद विणकर. उस्तादाच्या घरात दोन-तीन माग, त्यावर तो स्वतः, त्याची बायको, पोरं, एखादा रोजंदार कारागीर, एखादा शिकाऊ. कच्चं रेशीम विकत घेणं, त्याला पीळ देऊन रंगवून घेणं, नक्षी काढून घेणं आणि तयार माल विकणं हे सगळं व्यापाऱ्याकडे. इचलकरंजीकडे ज्याला खर्चीवाला म्हणतात, त्याची आणि या उस्तादाची गत एकच: माग आपला, सूत दुसऱ्याचं, हाती पडते ती विणाईची मजुरी. जागेचं भाडं, दिव्याचं तेल, मागाची दुरुस्ती आणि मदतनिसांचा पगार त्या मजुरीतूनच भागवायचा.

तपशिलात गेलं की फास कुठे कुठे आवळला जात होता ते कळतं. नक्षीच्या कापडासाठी माग नव्याने बांधायला कित्येक आठवडे जात. त्या आठवड्यांत कापडाची एक वीतही निघत नसे, आणि मजुरी तर ओनावर. मग पुढच्या हंगामात पॅरिसची पसंती बदलली की तोच माग उलगडून पुन्हा बांधायचा. पसंती दरवर्षी बदलावी याची काळजी व्यापारीच घेत. ल्योंचे नक्षीकार पॅरिसला जाऊन दरबारातल्या लोकांना काय आवडतंय ते बघून येत, आणि परदेशी नकलाकार मागे पडावेत म्हणून नव्या नक्ष्या काढल्या जात. व्यापाराच्या दृष्टीने ती शहाणी चाल होती. तिचा खर्च मात्र बराचसा विणकराच्या रिकाम्या आठवड्यांतून निघत होता.

रेशीम वजनावर दिलं जाई आणि कापड वजनावर परत घेतलं जाई. वजन कमी भरलं तर पैसे कापले जात, शिवाय चोरीचा संशय. विणकर औंस-औंस रेशीम लांबवतात ही व्यापाऱ्यांची कायमची तक्रार होती आणि त्यासाठी शिक्षाही कडक होत्या. आता रेशीम हवेतला ओलावा सहज शोषून घेतं. दमट दिवशी दिलेलं आणि कोरड्या दिवशी घेतलेलं रेशीम तराजूत सारखं उतरत नाही. रेशमाचं कोरडं वजन ठरवून देणारी सरकारमान्य जागा ल्योंमध्ये उघडली ती थेट 1805 साली. शिवाय एका पेढीचं देणं बाकी असेल तर ते फिटल्याचा दाखला मिळेपर्यंत विणकराला दुसऱ्या पेढीचं काम धरता येत नसे. मंदीत उचल घ्यावीच लागे, आणि उचल घेतली की पेढी सोडता येत नसे.

दोऱ्या ओढणारी मुलगी

किनखाबासारखं नक्षीचं कापड ज्या मागावर विणलं जाई, त्याला दोन माणसं लागत. विणकर समोर बसून धोटा टाकायचा. मागाच्या बाजूला दोऱ्यांचा जुडगा टांगलेला असायचा आणि तिथे एक मुलगी उभी असायची. चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी आधी त्या दोऱ्यांत उतरवलेली असे. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक फेरीला ठरलेल्या दोऱ्या ओढून धरायच्या, म्हणजे ताण्यातले तेवढेच धागे वर उचलले जातात आणि धोटा त्यांच्याखालून जातो. धागे ताठ राहावेत म्हणून प्रत्येकाला खाली शिशाचं वजन बांधलेलं. एका ओढीत अशी शेकडो वजनं उचलायची, धोटा पार होईपर्यंत धरून ठेवायची, सोडायची, लगेच पुढच्या दोऱ्या धरायच्या. दिवसभर.

या मुली बहुतेक सव्हॉय, ब्युजे, डोफिने अशा आसपासच्या डोंगराळ, गरीब भागांतून आलेल्या असत. बऱ्याच जणी अगदी लहान वयात यायच्या. राहायचं उस्तादाच्याच खोलीत, झोपायचं माळ्यावर किंवा मागाशेजारी. वाढत्या वयात हेच काम केल्याने त्यांचं अंग वाकडं व्हायचं, हे तेव्हाच्या लोकांनीही लिहून ठेवलं आहे. या मुली धंद्याच्या उतरंडीत इतक्या तळाला होत्या की 1786 च्या दोन सूंच्या मागणीतही त्यांचं नाव नाही. उस्ताद विणकर पेढीकडून नाडला जात होता हे खरं, पण त्याच्याच घरात त्याच्याहून दुबळं माणूस राबत होतं. विणकरांची बाजू घेताना हे सोडून देणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

जर-रेशमाचं भारी कापड आणि मखमल दिवसाकाठी काही बोटं पुढे सरकायची. फिलिप द लासाल या नक्षीकाराची कापडं रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यापर्यंत गेली आणि त्याला फ्रान्सच्या राजाकडून सेंट मिशेलचा किताब मिळाला. तो मान त्याच्या हुन्नरीला शोभणाराच होता. तीच नक्षी बोटाबोटाने कापडात उतरवणाऱ्या विणकराला कापडावर स्वतःचं नाव टाकायचीही सोय नव्हती.

व्हर्सायकडून येणारा पैसा

व्हर्सायच्या राजवाड्यात राणीच्या दालनासाठी उन्हाळ्याच्या मोसमाचे रेशमी पडदे आणि भिंतीवरचं कापड 1787 मध्ये आलं. पांढऱ्या जमिनीवर फुलांचे गुच्छ, फिती आणि मोरपिसं. ते ल्योंच्या देफार्ज पेढीचं काम. आज प्रवाशांना तिथे दिसतं ते विसाव्या शतकात ल्योंमध्येच मूळ नक्षीवरून पुन्हा विणून घेतलेलं कापड आहे. दोन सूंसाठी माग थांबले तो काळ आणि मोरपिसांचं हे काम चाललं तो काळ जवळपास एकच.

राणीच्या कपड्यालत्त्यासाठी वर्षाला 1 लाख 20 हजार लिव्रची तरतूद असे. 1785 मध्ये प्रत्यक्ष खर्च 2 लाख 58 हजारांच्या घरात गेला. त्यात टोप्या, झालरी, शिलाई, पॅरिसच्या रोझ बेर्तँसारख्या पोशाख सजवणाऱ्यांची बिलं असं सगळं आलं, सगळा पैसा ल्योंला गेला असं मुळीच नाही. तरी तुलनेपुरता हिशेब मांडू. ओनाला दोन सू वाढ म्हणजे दहा ओनांना एक लिव्र. एका बाईच्या एका वर्षाच्या कपड्यांच्या खर्चात पंचवीस लाखांहून अधिक ओन कापडाची वाढीव मजुरी बसली असती.

उमरावांनी उधळपट्टी करावी, कारण तिच्यावर गरिबांची चूल पेटते, हा युक्तिवाद अठराव्या शतकात सर्रास केला जाई. तो निव्वळ ढोंगी नव्हता. दरबारात सुतक जाहीर झालं की रंगीत रेशमाची मागणी आटायची आणि ल्योंचे माग थांबायचे. व्यापाऱ्यांची ओरड इतकी होती की 1716 मध्ये दरबारी सुतकाची मुदत निम्म्यावर आणण्यात आली. भारतातून जाणारं छापील सुती कापड, म्हणजे आपलं छीट, फ्रान्समध्ये 1686 पासून 1759 पर्यंत बंद होतं. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसू नये हेच त्यामागचं कारण. 1783 च्या चित्रप्रदर्शनात राणीचं पांढऱ्या मलमलीच्या साध्या पोशाखातलं चित्र लागलं, तेव्हा अशा पोशाखात राणीला दाखवणं शोभत नाही म्हणून ओरड झाली. जोडीला ती ल्योंच्या रेशमाच्या मुळावर उठली आहे असाही आरोप झाला. चित्र उतरवून तिथे रेशमी झग्यातलं दुसरं लावावं लागलं.

म्हणजे उमरावांच्या खर्चावर ल्यों जगत होतं, यात शंका नाही. पण जगणं आणि त्या खर्चातला वाटा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी घटली की तिचा फटका विणकरापर्यंत काही आठवड्यांत पोचत होता. मागणी वाढली तर नफा पेढीवरच थांबत होता. वर उमराव मंडळी उधारीवर खरेदी करत आणि बिलं वर्षानुवर्षं थकवत. पेढी तो ताण पुढे ढकलायची आणि तो विणकराच्या मजुरीवर येऊन आदळायचा. 1786 मध्येच ल्योंच्या कारखानदारीवर लिहिणाऱ्या एका जाणकाराने उघड म्हटलं होतं की धंदा भरभराटीला ठेवायचा तर कामगार कधी श्रीमंत होता कामा नये, त्याला अन्नवस्त्रापुरतंच मिळावं. हे धोरण कोणी लपवलेलं नव्हतं.

1744 चा धडा

1786 समजायला बेचाळीस वर्षं मागे जावं लागतं. 1737 च्या नियमावलीने उस्ताद विणकरांना स्वतः माल तयार करून विकायची बरीच मोकळीक दिली होती. व्यापाऱ्यांनी दरबारात वजन वापरून 1744 मध्ये नवी नियमावली आणली आणि ती वाट जवळजवळ बंद केली. तिच्यामागे रेशीम कारखान्यांचा निरीक्षक जाक द व्होकांसाँ याचा हात होता. यंत्रांची बदकं आणि बासरीवाले बनवून युरोपभर नाव कमावलेला हाच तो माणूस. ऑगस्ट 1744 मध्ये शहर पेटलं आणि व्होकांसाँला साधूच्या वेषात पळ काढावा लागला. घाबरलेल्या सरकारने नियमावली मागे घेतली. पुढच्या वर्षी सैन्य आलं आणि तीच नियमावली पुन्हा लागू झाली.

गर्दी दारात असेपर्यंत हो म्हणायचं आणि पलटण आली की शब्द फिरवायचा, हा प्रकार विणकरांनी एकदा अनुभवला होता. 1786 मध्ये त्यांनी पुन्हा मालविक्रीचा हक्क मागितला नाही, फक्त दर मागितला, तोही साध्या कापडाचा. किनखाब विणणारे मोजके होते आणि साधं तफेता-साटीन विणणारेच खरे गांजलेले. मागणी इतकी लहान का होती, याचं उत्तर मला 1744 मध्ये दिसतं.

ऑगस्टचे ते दिवस

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. विणकरांचे अर्ज आधीपासून फिरत होते. अन्न, घरभाडं, दारू सगळं महागलं होतं आणि विणाईचे दर जुनेच होते. त्यातच ल्योंचे आर्चबिशप मोंताझे यांनी ऑगस्ट महिन्यात किरकोळ दारूविक्रीवर कर घ्यायचा आपला जुना हक्क उकरून काढला. गुत्तेवाल्यांनी चिडून दुकानं बंद केली. कामगारांची वाईन हा तिथे चैनीचा विषय नव्हता, ती रोजच्या जेवणातली गोष्ट होती.

विणकर कामावरून उठले. टोप्या बनवणारे आणि गवंडीही मजुरीवाढ मागत त्यांना येऊन मिळाले. ऱ्होन नदीपलीकडे शार्पेन नावाची वस्ती होती. ती शहराच्या हद्दीबाहेर, दुसऱ्या प्रांतात मोडत असल्यामुळे तिथे जमाव भरवणं सोपं होतं. तिथून लोंढे शहरात येऊ लागले. 8 ऑगस्टला नगरसभेच्या दारात गर्दी असताना नगरसभेने दोन सू मान्य केले.

ही नगरसभा कोणाची होती, हे या प्रकरणातलं कळीचं आहे. ल्योंच्या नगरसभेवर पद भूषवणाऱ्याला आणि त्याच्या वंशजांना 1495 पासून उमरावपद मिळत असे. त्यामुळे पैसेवाल्या व्यापाऱ्यांसाठी नगरसभा ही उमरावांच्या पंगतीत बसायची वाट होती. 1786 मध्ये तिचा प्रमुख होता लुई तोलोझाँ द मोंफोर. त्याचा बाप डोफिनेतून ल्योंला येऊन रेशमाच्या व्यापारात गब्बर झालेला. मोंफोर ही जहागीर त्याच पैशातून घेतलेली. विणकर ज्यांच्याकडे न्याय मागत होते ते त्यांच्याच कापडावर उमराव झालेले, किंवा होऊ पाहणारे, लोक होते. दर ओनाचे दोन सू त्यांच्यासाठी परक्याच्या भांडणातला निवाडा नव्हता. ते त्यांच्या स्वतःच्या वर्गाच्या खिशातून जाणार होते.

काही दिवसांतच बळाचा वापर सुरू झाला. तीन कामगारांना घाईघाईने दोषी ठरवून फाशी दिलं गेलं. बंदोबस्ताला आसपासच्या छावण्यांतून सैन्य आलं. व्हालांसहून आलेल्या ला फेर तोफखाना पलटणीत सतरा वर्षांचा एक सेकंड लेफ्टनंट होता, नेपोलियन बोनापार्ट. सप्टेंबरच्या सुरुवातीला राजाच्या परिषदेने दोन सूंची वाढ रद्द केली आणि दर दोन्ही पक्षांनी आपसात ठरवावा असं सांगितलं. कामगारांच्या एकत्र जमण्यावरही बंदी आली.

आपसात ठरवावा हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण एका बाजूला आठवडाभर काम न मिळाल्यास उचल घेणारा विणकर आणि दुसऱ्या बाजूला गोदाम भरलेली पेढी, त्यातही विणकरांना एकत्र यायला मनाई, असं असताना आपसात ठरवणं म्हणजे पेढी सांगेल ते घेणं. फाशीपेक्षाही हा आदेश मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण फाशी तिघांना झाली आणि आदेश सगळ्या मागांना लागू झाला.

विणकरांचे अर्ज लिहिण्यात पुढे असलेल्या दनी मोने या उस्तादाला त्या वर्षी पकडून तुरुंगात टाकण्यात आलं. मोने हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखा माणूस. दगड उचलणारा नव्हता तो, हिशेब मांडणारा होता. विणकरांच्या त्या काळातल्या अर्जांमध्ये घरखर्चाचे ताळेबंदच आहेत. भाडं, पाव, मदतनिसाचा पगार, मागाची झीज असं एकेक मांडून वर्षाअखेरीस तूट कशी येते ते दाखवलेलं. गरीब म्हणजे दयेचा धनी, हे गृहीत धरणाऱ्या समाजात आकड्यांनी बोलणारा विणकर जास्त खुपत असणार.

पुढे काय झालं

1787 मध्ये कच्च्या रेशमाचं पीक बुडालं आणि हजारो माग रिकामे झाले. फेब्रुवारी 1789 मध्ये एस्टेट्स-जनरलसाठी, म्हणजे राजाने बोलावलेल्या तिन्ही वर्गांच्या सभेसाठी, प्रतिनिधी निवडायला ग्रांद फाब्रिकची सभा सेंट जाँ कॅथेड्रलमध्ये भरली. उस्ताद विणकर संख्येने कितीतरी जास्त होते. त्यांनी फक्त आपलीच माणसं निवडली. मोने त्यांच्यात होता, व्यापारी एकही नाही. त्याच वर्षी विणाईच्या दरपत्रकालाही मान्यता मिळाली.

1789 मध्येच फ्रेंच राज्यक्रांती झाली. 1791 मध्ये क्रांतीच्या सरकारने धंदेवाईक संघ मोडीत काढले आणि कामगारांनी एकत्र येऊन मजुरी ठरवणं बेकायदा केलं. राजा गेला, उमराव पळाले, रेशमाची गिऱ्हाइकं नाहीशी झाली. 1793 मध्ये ल्यों पॅरिसमधल्या क्रांतिकारी सरकारच्या विरोधात उभं राहिलं, शहराला वेढा पडला, आणि त्यानंतरच्या शिक्षांमध्ये मोने गिलोटीनखाली गेला.

नेपोलियनच्या काळात राजवाड्यांसाठी रेशमाच्या मोठ्या ऑर्डरी पुन्हा ल्योंला येऊ लागल्या. नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या जॅकार्डच्या यंत्राने दोऱ्या ओढणाऱ्या मुलींचं काम हळूहळू संपवलं. 1806 मध्ये पेढ्या आणि विणकर यांच्यातले तंटे मिटवायला ल्योंमध्ये एक मंडळ स्थापन झालं, फ्रान्समधलं त्या प्रकारचं पहिलं. त्यात नऊ जागा होत्या, पाच व्यापाऱ्यांना आणि चार मागमालक विणकरांना. ऑक्टोबर 1831 मध्ये तिथला प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रशासक, बूव्हिए-द्युमोलार याने दोन्ही बाजूंना बसवून विणाईचं किमान दरपत्रक ठरवून घेतलं. शंभरेक व्यापाऱ्यांनी ते धुडकावलं, नोव्हेंबरमध्ये विणकरांनी उठाव केला, आणि सरकारने दरपत्रक रद्द करून प्रीफेक्टला ल्योंहून परत बोलावून घेतलं.